बटाईने चालणारी खंडणी



या अंकात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी लिहावयाचे ठरविले होते. परंतु एका दूध उत्पादक संस्थेच्या सचिवांचे पत्र आले आहे आणि त्यांचा प्रश्न त्यांच्या एका संस्थेपुरता राहत नाही. ते लिहितात की, आमच्या संस्थेत दुधाचे माप, फॅट, एस.एन.एफ. आणि उत्पादकांची बिले हे सर्व आता कॉम्प्युटरवर झाले आहे. संचालक मंडळातील काही मंडळी म्हणतात, जुन्या वह्या लिहिण्यात वेळ कशाला घालवता? दुसरीकडे वर्तमानपत्रात वाचतो की परदेशातले चोर कॉम्प्युटरला कुलूप लावून पैसे मागतात. हे चोर आमच्यासारख्या लहान संस्थेच्या वाटेला येतील काय, आणि आले तर आम्ही काय करावे?

वह्यांचे उत्तर शेवटी देतो. आधी हे चोर काम कसे करतात ते पाहू. किडीचा जीवनक्रम माहीत नसेल तर फवारणी वाया जाते, तसेच हेही आहे.

या चोरीला रॅन्समवेअर म्हणतात. चोर कॉम्प्युटरमध्ये शिरतो आणि आतली सर्व अक्षरे व आकडे अशा रीतीने फिरवून टाकतो की मालकालाही ती वाचता येऊ नयेत. दप्तर जागेवरच असते, पण त्याचा अर्थ लागत नाही. यातले कुलूप आपल्या टपालपेटीसारखे आहे. पत्र आत टाकायला कोणालाही येते, पण बाहेर काढायची किल्ली फक्त पोस्टमनपाशी असते. तशी ही उघडण्याची किल्ली चोरापाशी राहते आणि ती तो विकतो. कुलूप नीट घडविलेले असेल तर ते फोडणे मोठमोठ्या तज्ज्ञांनाही जमत नाही.

हा धंदा नवा नाही. १९८९ साली जोसेफ पॉप नावाच्या एका अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने एड्स रोगाची माहिती म्हणून सुमारे २० हजार फ्लॉपी टपालाने देशोदेशी धाडल्या. ज्याने फ्लॉपी लावली त्याचा कॉम्प्युटर काही दिवसांनी अडला आणि पनामा देशातील एका टपालपेटीच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवा असा हुकूम दिसू लागला. तो धंदा चालला नाही. कुलूप कच्चे होते, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे पैसे घ्यायला चोराला कोठेतरी पत्ता द्यावाच लागत होता. २००९ नंतर बिटकॉइनसारखे चलन आले आणि ही अडचण बरीचशी सरली. नाव-गाव न सांगता जगाच्या पाठीवर कोठूनही कोठेही रक्कम घेता येऊ लागली.

यापुढची गोष्ट शेतकऱ्याला चटकन कळेल, कारण ती बटाईची आहे.

२०१८ च्या जानेवारीत गँडक्रॅब नावाची टोळी पुढे आली. या टोळीतल्या मुख्य माणसांनी स्वतः दरोडे घालण्यापेक्षा कुलूप तयार करून दुसऱ्यांना वापरायला देण्याचा धंदा मांडला. आपल्याकडे जमीन एकाची आणि कष्ट दुसऱ्याचे असतात, तसे येथे अवजार एकाचे आणि घरफोडी दुसऱ्याची. कुलूप, पैसे घेण्याची सोय, गिऱ्हाइकाशी बोलणी करण्याची जागा, हे सर्व मालकाने पुरवायचे. वाटेकऱ्याने कोणाच्या तरी कॉम्प्युटरात शिरून कुलूप लावायचे. आलेल्या खंडणीतले शंभरातले साठ-सत्तर वाटेकऱ्याचे आणि उरलेले मालकाचे. आपल्याकडच्या निम्म्या वाट्यापेक्षा हा वाटा चांगला आहे असे कोणी गमतीने म्हणेल, पण गंमत बाजूला ठेवा. या पद्धतीचा परिणाम असा झाला की दरोडा घालायला कुलूप बनविण्याचे ज्ञान लागेनासे झाले. ज्याला फक्त दार उघडता येते असा हलका चोरही या धंद्यात शिरला. शिवाय कोणाच्या दाराची कडी सैल आहे एवढेच हेरून ती खबर विकणारे खबरे वेगळे तयार झाले. हातमाग जाऊन गिरणी यावी तसा प्रकार झाला.

रुमानियाचे पोलीस आणि तेथील बिटडिफेंडर ही कंपनी यांनी गँडक्रॅबच्या कुलपाच्या किल्ल्या एकाहून अधिक वेळा शोधून फुकट वाटल्या. दर वेळी टोळीने कुलूप बदलले. एखाद्या औषधाला किडीने दाद देऊ नये आणि पुढच्या हंगामात अधिक चिवट पिढी यावी, तसे चालले होते. २०१९ च्या मे अखेरीस टोळीने जाहीर केले की आमच्या वाटेकऱ्यांनी २०० कोटी डॉलर मिळविले, आता आम्ही निवृत्त होतो. चोराच्या तोंडचा आकडा आहे, तेव्हा त्यातला किती खरा मानायचा हे ज्याचे त्याने ठरवावे.

निवृत्ती कसली? त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये रेव्हिल नावाची दुसरी टोळी उगवली होती. तिला सोडिनोकिबी असेही नाव आहे. दोन्ही कुलपांची घडण तपासणाऱ्या तज्ज्ञांना त्यांत एकच हात दिसला. नाव बदलून तीच मंडळी नव्या दुकानात बसली होती. दिवाळे काढून बायकोच्या नावाने पुन्हा गाळा घेणारा आडत्या आपल्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल.

रेव्हिलने आणि तिच्या काळातल्या टोळ्यांनी खंडणी वसूल करण्याच्या रीतीत जे बदल केले, ते नीट पाहण्यासारखे आहेत.

पूर्वी फक्त कुलूप असे. ज्याने आपल्या दप्तराची दुसरी प्रत ठेवलेली असे तो चोराला भीक घालीत नसे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या २२ लहान नगरपालिका व शासकीय संस्था एकाच दिवशी अडकल्या. त्या सर्वांचे कॉम्प्युटर सांभाळणारा कंत्राटदार बहुतांशी एकच होता आणि चोर त्याच्या दारातून आत शिरले. २५ लाख डॉलर मागितले गेले. एकानेही दिले नाहीत आणि कामे पुन्हा सुरू झाली.

म्हणून चोरांनी दुसरा फास काढला. २०१९ च्या नोव्हेंबरात मेझ नावाच्या टोळीने कुलूप लावण्याआधी कागद चोरून नेले आणि पैसे न मिळताच त्यांतले काही चव्हाट्यावर मांडले. दोन महिन्यांत रेव्हिलनेही हीच रीत उचलली. आता दुसरी प्रत असूनही सुटका होईना. किल्ली नको असेल तर नको, पण तुमच्या गिऱ्हाइकांची नावे, पगारपत्रके, करारमदार लोकांना दाखवू का, असा सवाल येऊ लागला. २०२० च्या जूनमध्ये रेव्हिलने चोरलेल्या कागदांचा चक्क लिलाव सुरू केला. त्यातला पहिला माल कॅनडातल्या शेती व्यवसायातल्या एका कंपनीचा होता आणि बोली ५० हजार डॉलरपासून सुरू झाली. बाजार समितीत भुईमुगाचा ढीग मांडावा तसे दुसऱ्याचे दप्तर मांडले!

तिसरा फास २०२१ साली आला. कंपनी दाद देईना तर तिच्या व्यापारी मित्रांना आणि वार्ताहरांना फोन करून बोभाटा करायचा, शिवाय तिची इंटरनेटवरची जागा खोट्या गर्दीने बंद पाडायची, या सोयी टोळीने वाटेकऱ्यांस देऊ केल्या. त्याच वर्षी टोळीतल्या एका प्रमुखाने, अर्थात नाव लपवून, दिलेल्या मुलाखतीत सांगितले की विमा उतरविलेल्या कंपन्या त्यांना विशेष आवडतात. आधी विमा कंपनीत शिरून यादी मिळवावी आणि मग तिच्यातल्या गिऱ्हाइकांकडे वळावे. सावकार कर्जदाराची जमीन किती, बैल किती हे आधी पाहून ठेवतो. हे लोकही आत शिरल्यावर आधी हिशेबाच्या वह्या वाचतात आणि किती पिळता येईल ते पाहून आकडा सांगतात.

आता खुद्द शेतीकडे वळतो.

जेबीएस ही ब्राझीलची कंपनी मांसाच्या धंद्यात जगात सर्वांत मोठी आहे. ३० मे २०२१ रोजी, रविवारी, तिच्या अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियातील कॉम्प्युटरवर रेव्हिलचे कुलूप पडले. अमेरिकेत कापल्या जाणाऱ्या गुरांपैकी सुमारे पाचवा हिस्सा या एका कंपनीकडे जातो. कत्तलखाने थांबले, कामगारांना घरी पाठवावे लागले, आणि ज्यांनी गुरे विक्रीला तयार करून ठेवली होती त्यांनी ती बसवून खाऊ घालायची पाळी आली. विकायला तयार झालेले जनावर एक दिवस जास्त ठेवणे म्हणजे काय, हे तुम्हांस मी सांगायला नको. कंपनीकडे दुसरी प्रत होती आणि चार-पाच दिवसांत बहुतेक कारखाने सुरूही झाले. तरीसुद्धा तिने १ कोटी १० लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८० कोटी रुपये मोजले. कुलूप उघडले होते, भीती होती ती कागद बाहेर जाण्याची. दुसरा फास कसा आवळतो ते येथे दिसते. सुरुवातीची मागणी याच्या दुप्पट होती. घासाघीस करून ती अर्ध्यावर आली, इतका हा व्यवहार बाजारी झाला आहे.

माझे मत विचाराल तर एवढ्या मोठ्या कंपनीने पैसे द्यायला नको होते. तिच्या पैशावर पुढचे दरोडे पोसले गेले. महिनाभरातच, २ जुलै २०२१ रोजी, या टोळीच्या वाटेकऱ्याने कसेया नावाच्या कंपनीचे सॉफ्टवेअर वापरून एका फटक्यात हजार-दीड हजार व्यवसायांना कुलूप लावले. स्वीडनमध्ये कूप या सहकारी दुकानांचे गल्ले चालेनात, म्हणून सुमारे ८०० दुकाने बंद ठेवावी लागली. त्या दुकानांचा चोरांशी काही संबंध नव्हता, कसेयाशीही थेट नव्हता. त्यांच्या गल्ल्याची देखभाल ज्याच्याकडे होती त्याच्यामार्फत संकट आले. सर्वांना एकच किल्ली हवी असेल तर ७ कोटी डॉलर द्या, अशी मागणी झाली.

येथे आणखी एक गोष्ट घडली, तिच्याविषयी मला आजही राग येतो. अमेरिकेच्या एफबीआय या तपास खात्याच्या हाती ती किल्ली लौकर लागली होती. परंतु टोळीला एकदम पकडायचा बेत होता, तो फुटू नये म्हणून जवळजवळ तीन आठवडे किल्ली दिली गेली नाही. इतक्यात १३ जुलैला टोळी आपणहून गडप झाली. तोवर लहान धंदेवाल्यांनी जे सोसले ते सोसले. चोर पकडणे महत्त्वाचे खरे, पण जनावर फुगलेले असताना डॉक्टरने पिशवीतले औषध न काढता कोणी विष घातले याचा तपास करावा, असे ते झाले.

रेव्हिलचे पुढे काय झाले तेही सांगतो. टोळी सप्टेंबरात परत आली. तोपर्यंत तिच्या वाटेकऱ्यांमध्ये कुरबुर सुरू झाली होती, कारण मालकांनी कुलपात एक चोरकप्पा ठेवला होता असे उघड झाले. वाटेकऱ्याची बोलणी चालू असताना मालक मध्येच शिरून गिऱ्हाईक पळवी आणि वाटेकऱ्याचा सत्तर टक्के वाटा बुडवी. ऑक्टोबरात टोळीच्याच यंत्रणेत पोलीस शिरले आणि ती पुन्हा बंद पडली. कसेयाचा दरोडा घालणारा यारोस्लाव वासिंस्की हा तरुण युक्रेनचा. तो पोलंडच्या सरहद्दीवर पकडला गेला आणि मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने त्याला १३ वर्षे ७ महिन्यांची शिक्षा आणि १ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक भरपाई ठोठावली. अडीच हजारांवर हल्ल्यांत त्याचा हात होता. रशियाने जानेवारी २०२२ मध्ये टोळीतल्या माणसांना पकडले. त्यांपैकी काहींना २०२४ मध्ये साडेचार ते सहा वर्षांच्या शिक्षा झाल्या.

एक तण उपटले तरी बी जमिनीत राहतेच. रेव्हिलची वाटेकरी मंडळी आधीच डार्कसाइड नावाच्या टोळीत शिरली होती. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागाला तेल पुरविणारी मोठी नळवाहिनी या टोळीमुळे बंद पडली. फार गवगवा झाला म्हणून डार्कसाइड मिटली आणि दोन महिन्यांत ब्लॅकमॅटर या नावाने उभी राहिली. ब्लॅकमॅटरने सप्टेंबर २०२१ मध्ये आयोवा राज्यातल्या न्यू को-ऑपरेटिव्ह या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेला गाठले आणि ५९ लाख डॉलर मागितले. ही संस्था शेतकऱ्यांचा मका व सोयाबीन घेते आणि पशुखाद्य पुरविते. मका काढणीला आला होता. बोलणीत संस्थेने सांगितले की आमच्या यंत्रणेवर १ कोटी १० लाख जनावरांच्या खाद्याचे वेळापत्रक चालते, आणि जनतेच्या गरजेच्या सेवांना हात लावणार नाही असे तुम्हीच जाहीर केले आहे. टोळीने उत्तर दिले की तुम्ही त्या नियमात बसत नाही. चोराचा नियम चोरच वाचतो. संस्थेने यंत्रणा बंद करून धान्य घेण्याचे आणि खाद्य पोचविण्याचे काम दुसऱ्या मार्गाने चालू ठेवले.

हा योगायोग नव्हता. एफबीआयने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या इशाऱ्यात नमूद केले आहे की २०२१ च्या सुगीत सहा धान्य सहकारी संस्थांवर असे हल्ले झाले आणि २०२२ च्या सुरुवातीला पेरणीच्या तोंडावर आणखी दोन. ऐन हंगामात शेतकरी थांबू शकत नाही हे या टोळ्यांना पक्के ठाऊक झाले आहे.

आता सचिवसाहेबांच्या प्रश्नाकडे येतो. लहान संस्थेच्या वाटेला चोर येतील काय? टेक्सासच्या नगरपालिका आणि स्वीडनची दुकाने यांचे उत्तर असे की चोर तुमच्या नावाने येत नाही, तुमचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याच्या दारातून येतो. आपल्या देशात ३१ जुलै २०२४ रोजी हेच झाले. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी सहकारी व ग्रामीण बँकांना कॉम्प्युटरची सेवा पुरविते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा लागण पसरू नये म्हणून तिला देशाच्या पैसे देण्याघेण्याच्या जाळ्यातून तात्पुरते बाजूला काढले गेले. सुमारे ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे व्यवहार त्यामुळे अडले आणि दुसऱ्या दिवशी सुरू झाले. एक दिवसच गेला, पण तो खत घ्यायचा किंवा दवाखान्याचा दिवस असता तर? २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार विकास सोसायट्या कॉम्प्युटरवर आणण्याची योजना मंजूर केली आहे. काम चांगलेच आहे. सात-बारा, पीककर्ज आणि दुधाचे बिल एका ठिकाणी दिसू लागले तर तुमच्या चकरा वाचतील. मात्र सोसायटी जेव्हा जाळ्याला जोडली जाते तेव्हा कुंपणाला एक दार पडते.

घरच्या गोठ्यापर्यंत हे कसे येते त्याचे एक उदाहरण २०२४ साली स्वित्झर्लंडमधून प्रसिद्ध झाले. एका पशुपालकाकडे दूध काढणारे यंत्रमानव होते. त्या यंत्राच्या कॉम्प्युटरला चोरांनी कुलूप लावून १० हजार डॉलर मागितले. त्याने विचार केला की दूध तर निघते आहे, पैसे कशाला द्यायचे? परंतु कोणती गाय केव्हा फळली, कोणाची तब्येत कशी, ही नोंद त्याच कॉम्प्युटरात होती. एका गाभण गाईच्या पोटात वासरू मेल्याचे वेळीच कळले नाही, आणि गाईलाही वाचवता आले नाही. त्या पशुपालकाने पैसे दिले नाहीत हे मी बरोबरच मानतो. गाभणाची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनेही लिहिलेली असती तर कदाचित ती गाय आज असती.

तेव्हा संस्थांनी काय करावे? दप्तराची प्रत दोन वेगळ्या डिस्कवर आलटून पालटून घ्यावी. घेऊन झाली की डिस्क कॉम्प्युटरपासून काढून दुसऱ्या इमारतीत कुलपात ठेवावी. जोडलेलीच राहिली तर चोर तिलाही कुलूप लावतो आणि सर्व कष्ट फुकट जातात. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी. पेरण्याआधी आपण उगवण तपासतो की नाही? चोरीचे, फुकट मिळविलेले सॉफ्टवेअर संस्थेच्या कॉम्प्युटरवर घालू नये. दुरुस्तीवाला आपल्या गावाहून तुमचा कॉम्प्युटर चालवतो ती सोय काम झाल्यावर बंद करून घ्यावी; बऱ्याच ठिकाणी ती कायम उघडी राहते. सर्व नोकरांचा परवलीचा शब्द एकच असतो आणि तो भिंतीवर चिकटविलेला असतो, हे मी स्वतः कित्येक कार्यालयांत पाहतो. बिल किंवा सरकारी नोटीस म्हणून अनोळखी ठिकाणाहून आलेली जोडपत्रे उघडू नयेत.

आणि कुलूप पडलेच तर? इंटरनेटची तार आधी काढावी. पडद्यावर जे लिहून आले असेल त्याचा फोटो घ्यावा. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. घाबरून डिस्क पुसून टाकू नये. रेव्हिलने जुलै २०२१ पूर्वी लावलेल्या कुलपांची किल्ली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बिटडिफेंडरने फुकट दिली. ज्यांनी अडलेली डिस्क तशीच ठेवली होती त्यांचे दप्तर परत आले, ज्यांनी पुसली त्यांचे गेले. युरोपातील पोलिसांनी २०१६ पासून चालविलेल्या नो मोअर रॅन्सम या उपक्रमात अशा बऱ्याच किल्ल्या मिळतात. पैसे भरण्याविषयी संचालकांनी रात्री घाईने बैठक घेऊन ठराव करू नये. चोर मुदत देतो ती घाबरविण्यासाठीच.

राहिला वह्यांचा प्रश्न. सगळे दोनदा लिहा असे मी सांगणार नाही. ते कोणी करणारही नाही. सकाळ-संध्याकाळचे संकलन झाले की दिवसाचा गोषवारा छापून त्यावर सचिवांची सही घ्यावी आणि तो पाने मोजून फाइलीला लावावा. दर दहा दिवसांनी उत्पादकवार बिलाची छापील यादी काढावी. एवढे असेल तर कॉम्प्युटर पूर्ण गेला तरी कोणाचे किती दूध आणि किती पैसे हे उभे करता येते. आणि भगिनींनो, दुधाची पावती बहुतेक घरी तुमच्याच हाती येते. ती चुलीपाशी टाकू नका. महिन्याच्या पावत्या दोऱ्यात ओवून, बिल हाती पडेपर्यंत ट्रंकेत ठेवा. संस्थेचे दप्तर अडले तर तुमच्याकडची ती माळच पुरावा होईल.

पुढील अंकात हरभऱ्याची बीजप्रक्रिया. बियाणे घरचे असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवले ते मोजून ठेवावे, म्हणजे किलोचे प्रमाण सांगणे सोपे जाईल.